जिवंत असल्याचा पुरावा

दिवेआगरच्या वाडीत सुपाऱ्या सोलून सोलून आमच्या तात्यांच्या अंगठ्याच्या रेषा पुसल्या. दर नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला हवा. २०१४ पासून तो संगणकावर मिळतो. पण अंगठा टेकवला की यंत्र म्हणतं, ‘ठसा जुळत नाही.’ समोर तात्या खणखणीत खोकतायत, तरी पुरावा अपुरा!

२०२१ मध्ये चेहरा ओळखणारी सोय आली. मोबाइलसमोर डोळे मिचकवायचे. २०२० च्या निसर्ग वादळात वाडी आडवी झाल्यावर पुन्हा रोपं लावणाऱ्या माणसाला नातू शिकवतो, ‘आजोबा, मिचकवा!’

तात्या म्हणाले, ‘शिकतो की. पण त्या यंत्रालाही एकदा वाडीत आण. चार सुपाऱ्या सोलून दाखव म्हणावं, मग मीही त्याला हयातीचा दाखला देईन.’