वर्गातले वकीलसाहेब

इंग्रजी साहित्याच्या एम.ए.च्या प्रत्येक वर्गात एक वकीलसाहेब असतात. त्यांची सनद म्हणजे एक गाईड, तेही मित्राकडून आणलेलं. एरवी मागच्या बाकावर मोबाइलमध्ये डोकं. पण अमेरिकन साहित्याच्या तासाला हार्पर ली यांची १९६० सालची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ निघते, तीत खटला आहे असं कानावर पडतं आणि साहेबांच्या अंगात काळा कोट संचारतो.

खटला असा : अलाबामातलं मेकम नावाचं काल्पनिक गाव, १९३०च्या दशकातले मंदीचे दिवस. टॉम रॉबिन्सन या काळ्या मजुरावर मेयेला युएल या गोऱ्या मुलीवरच्या बलात्काराचा आळ. बचावाला ॲटिकस फिंच. ज्यूरीत झाडून सगळे गोरे. कादंबरीच्या ३१ प्रकरणांपैकी कोर्टाची जेमतेम पाच-सहा. ती वकीलसाहेबांनी वाचलेली नसतात. बाकीचीही नसतात, त्यामुळे पक्षपाताचा आरोप त्यांच्यावर करता येत नाही.

“स्काउट हा फार धीट मुलगा आहे,” साहेब सुरुवात करतात.

“मुलगी आहे ती, ॲटिकसची. जीन लुईझ,” मॅडम म्हणतात.

दुसरा कुणी खाली बसला असता. “करेक्ट, मॅडम! मी जेंडर-न्यूट्रल वाचन करतोय.” वर्ग बाकं बडवतो.

मग ते फिंचांच्या शेजारच्या बू रॅडलीची उलटतपासणी मागतात. बू घराबाहेरच पडत नाही, त्याचा या खटल्याशी काही संबंध नाही, असं कुणी म्हणालंच तर, “तेच तर! संबंध नाही असं दाखवलंय. का दाखवलंय?” यावर कुणाकडेच उत्तर नसतं.

पहिल्या बाकावर एक मुलगी असते. तिने पुस्तक वाचलेलं असतं. लायब्ररीतली, पानं सुटलेली प्रत. ती हळू आवाजात सांगू लागते. मेयेलाच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूला मार होता, म्हणजे मारणारा बहुधा डावखुरा. ॲटिकस तिच्या बापाला भर कोर्टात पाकिटावर नाव लिहायला लावतो. बाप डाव्या हाताने लिहितो. आणि टॉमचा डावा हात? लहानपणी जिनिंगच्या यंत्रात सापडून निकामी झालेला, उजव्यापेक्षा फूटभर आखूड. शपथ घेताना बायबलवर ठेवला तर घसरून पडतो...

“अगं, हे तपशील झाले!” साहेब मध्येच उभे राहतात. “मुद्दा सिस्टिमचा आहे!”

“पण ज्यूरी शेवटी काय ठरवते, ते सांग ना,” ती म्हणते.

“निकाल गौण आहे. प्रक्रिया बघ.”

टाळ्या. मॅडम गमतीने हात वर करायला सांगतात, कुणाचं पटलं? सगळे हात साहेबांच्या बाजूने. हात वर करणाऱ्यांपैकी पुस्तक कुणीच उघडलेलं नसतं. पण आवाज सगळ्यांनी ऐकलेला असतो. मेकमच्या ज्यूरीने निदान काही तास घेतले होते. इथे तास संपायचीही वाट कुणी पाहत नाही.

घंटा होते. जिन्यातल्या गर्दीत साहेब त्या मुलीला गाठतात, इकडेतिकडे बघतात आणि आवाज एकदम खाली आणून विचारतात, “ए, सुटतो ना गं तो शेवटी?”

“निकाल गौण आहे,” ती म्हणते आणि पुस्तक परत करायला लायब्ररीकडे वळते.