एकवचनी व्हा!

मराठीत काही नामं कधी एकटी फिरतच नाहीत. कांजिण्या, डोहाळे, हाल, क्लेश, शहारे... स्पर्धा परीक्षेच्या गाईडात ही टोळी एका ओळीत उभी असते आणि वर मथळा: 'नेहमी अनेकवचनी'. यातल्या एकेकाला एकटं गाठून एकवचनात आणायचं, एवढंच आपलं काम. घाबरू नका. याआधी बरेच जण हरले, पण ते हौशी होते.

१. सुरुवात कांजिण्यांपासून करा. लहानपणी राहून गेल्या असतील तर नशीबवान आहात. पहिला फोड बहुधा छातीवर, पाठीवर नाहीतर तोंडावर दिसेल. दिसताक्षणी जाहीर करा, "आई, मला कांजिणी आली!" उशीर नको. फोड टप्प्याटप्प्याने उठत राहतात आणि लस घेतली नसेल तर बेरीज २५० ते ५००वर जाते. मग कसलं एकवचन! खाज सुटेल, वाईट वाटतं. पण नखं कापून ठेवा.

२. सुनेला बजावा, डोहाळा एकच लागू द्यायचा. चिंच मागितलीस ना? मग भेळेचं नाव काढायचं नाही. हे सांगताना दाराजवळ उभे राहा.

३. हाल आणि क्लेश नवशिक्यांना सोपे. 'देव' एक असो वा तेहतीस कोटी, रूप तेच, तसंच यांचं. फक्त क्रियापद सांभाळा. सकाळच्या विरार लोकलमधून उतरलात की म्हणा, "माझा हाल झाला." लोक विचारतील, "यातला नेमका कुठला?"

४. आता कसोटी: आढेवेढे. पंगतीत पुरणपोळीचा आग्रह होतो. मुरलेला माणूस तीनदा "नको, नको" म्हणत ताटावर हात आडवा धरतो, तोही बोटं फाकवून, म्हणजे मधून पोळी सहज जाईल. तुम्ही एकदाच "नको" म्हणा. वाढपी पुढे सरकेल. अभिनंदन, तुम्ही एकच आढा घेतलात! आता ताक प्या.

५. शहाऱ्यांसाठी कष्ट नकोत. "अंगावर शहारा आला" असं कथालेखक सर्रास लिहितात आणि त्यांना कुणी अडवत नाही. गाईडवाले कथा वाचत नसावेत.

परीक्षेला बसलात की मात्र हे सगळं विसरा. 'शहारे' दिसले की मुकाट्याने 'नेहमी अनेकवचनी'चा गोल काळा करा. चुकीच्या उत्तराला गुण कापतात.