टेलपर्यंत फाईल

पेनड्राइव्हला ‘टँकर’ म्हणणारा माणूस मराठवाड्यातच जन्मावा लागतो. आमच्या सिडकोतले नेटवर्ककाका तसं म्हणतात, आणि तोंड वाकडं करून म्हणतात. कुणी पेनड्राइव्ह मुठीत धरून जिना चढताना दिसलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. “घरात पाईपलाईन टाकून ठेवलीय मी. टँकर कशाला?” पाईपलाईन आहे, हे खरं. तिच्यातून फाईल येत नाही, हेही खरं. पण नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार हे कळण्यासाठी ज्या शहरात व्हॉल्व्ह फिरवणाऱ्याशी सलोखा ठेवावा लागतो, तिथे यात कुणाला विसंगती वाटत नाही.

काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. उमेदीची वर्षं जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर गेली. कालवा २०८ किलोमीटर लांब आणि त्याचं सगळं दुःख शेवटच्या टोकाला. हेडचा शेतकरी उसाला मनसोक्त पाणी देतो आणि टेलचा शेतकरी कोरड्या चारीत उभा राहून अधिकाऱ्याच्या सात पिढ्यांची चौकशी करतो. त्या चौकशीत काकांचं अर्धं आयुष्य गेलं. निवृत्तीनंतर ते गप्प गप्प झाले होते. मग मुलाने घरात वाय-फाय घेतलं. राऊटरच्या मागच्या बाजूला ओळीने चार भोकं दिसली आणि काका चष्मा पुसून म्हणाले, “ह्या तर चाऱ्या!” त्या दिवसापासून काकूंच्या मते ते पुन्हा नोकरीला लागले.

असे काका शहरभर आहेत. बजाजनगरात कारखान्यातून निवृत्त झालेला भेटेल. तो बिघाडाची नोंद शिफ्टप्रमाणे ठेवतो. बँकेतला असेल तर सगळे पासवर्ड पाकिटात घालून, वर लाख लावून कपाटात ठेवतो आणि कपाटाची चावी विसरतो. प्राध्यापक असेल तर दुरुस्ती करत नाही, फक्त बिघाडाचा इतिहास सांगतो. या सगळ्यांत पाटबंधारेवाला सर्वांत चिवट, कारण वरून सोडलेलं खाली पोचत नाही याची त्याला सवय असते.

काकांच्या घरात कॉम्प्युटर तीन. माजघरात विंडोज १० चा डेस्कटॉप, सूनबाईचा नवा लॅपटॉप, आणि वरच्या खोलीत टेलला बसलेला एक्सपीचा म्हातारा. त्याच्यात श्री-लिपीत टाईप केलेली सोसायटीची सगळी कागदपत्रं आहेत, म्हणून तो मरू शकत नाही. मायक्रोसॉफ्टने २०१४ च्या एप्रिलमध्ये एक्सपीची देखभाल सोडली. काकांनी सोडली नाही. तिघांचे आयपी पत्ते कालनिर्णयच्या पानामागे, दुधाच्या हिशेबाशेजारी पेन्सिलने लिहिलेले असतात. पेन्सिलने अशासाठी की लाईट जाऊन आली की राऊटर पत्ते बदलून टाकायचा. आता काकांनी प्रत्येकाचा पत्ता राऊटरमध्येच राखून ठेवलाय, पण पेन्सिल ठेवलीच आहे.

मराठवाड्याची बोली या कामाला फार सोयीची. “पिंग जायलंय, पण फोल्डर दिसंना,” हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतकं ऐकलंय की आता मला त्याचा अर्थही कळतो. ‘नेटवर्क’ची खिडकी उघडली आणि शेजारचा कॉम्प्युटर यादीत नसला, म्हणजे तो मेला असं नाही. यादी बनवणारी व्यवस्था वेगळी आणि फाईल देणारी वेगळी. “यादीत नाव नसलं म्हणून शेतकरी नसतो का?” काका विचारतात, आणि थेट १९२.१६८ पासून सुरू होणारा आकडा टाकतात. बरेचदा दार उघडतंही.

शहराचं नाव बदललं तेव्हा काकांनी डेस्कटॉपचंही नाव बदलायला घेतलं. शहराचं जुनं नाव त्याच्यावर कसं शोभणार? पण जुन्या पद्धतीच्या नेटवर्कात कॉम्प्युटरचं नाव १५ रोमन अक्षरांत बसवावं लागतं, आणि ‘छत्रपती संभाजीनगर’ची अक्षरं होतात २४. नुसतं ‘संभाजीनगर’ १३ मध्ये बसलं. बसलं खरं, पण घरातले झाडून सगळे शॉर्टकट जुन्या नावावर जाऊन दार ठोठावू लागले. टपालखात्याने जे सांभाळून घेतलं ते विंडोजला जमलं नाही.

आता प्रसंग २० तारखेचा. सूनबाई घरून चार-पाच दुकानांचे जीएसटीचे हिशेब बघते आणि थ्री-बी फॉर्म भरायची शेवटची तारीख साधारण तीच. खरेदीची एक्सेल माजघरातल्या डेस्कटॉपमध्ये, सूनबाई लॅपटॉपसह स्वयंपाकघराच्या ओट्याशी. मधे अंतर दहा-बारा पावलांचं. ती उठणार एवढ्यात काका म्हणाले, “बस तू. पाणी सोडतो.”

आधी लॅपटॉप दार उघडेना. राऊटर नवा आणल्यावर डेस्कटॉपने विचारलं होतं की हे नेटवर्क घरचं की सार्वजनिक, आणि कुणीतरी घाईत ‘पब्लिक’ दाबलं होतं. विंडोजला तेव्हापासून वाटत होतं की आपण बसस्टँडवर बसलोय, त्यामुळे ते खिसा घट्ट धरून होतं. काकांनी ‘प्रायव्हेट’ केलं. मग फोल्डर दिसलं, उघडेना. शेअरिंगमध्ये ‘एव्हरीवन’ला मुभा होती, पण फोल्डरच्या सिक्युरिटीत नव्हती. “हेडचं गेट उघडलंय, चारीचं बंद हाय,” काका खूश होऊन म्हणाले. बिघाड सापडला की ते असे खुलतात. जायकवाडी धरणाचे २७ दरवाजे ज्याने पाहिलेत, त्याला दोन गेटांचं काय!

दोन्ही गेटं उघडल्यावर मात्र पासवर्ड आला. डेस्कटॉप रोज चार आकडी पिनवर उघडतो. पिन टाकली, चालली नाही. तिसऱ्यांदा मोठ्याने उच्चारून टाकली, तरी नाही. ती पिन फक्त त्याच कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्यासाठी असते. नेटवर्कवरून येणाऱ्याला खात्याचा खरा पासवर्ड लागतो. तो खरा पासवर्ड भाच्याने ठेवलेला, भाचा हिंजवडीत. फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता, कुजबुजत म्हणाला, “मामा, व्हॉट्सॲपवर टाका ना.”

काकांनी फोन ठेवला. माजघरातून स्वयंपाकघरात यायला परदेशातल्या सर्व्हरला वळसा? अपमान फाईलचा नव्हता, कालव्याचा होता.

मग त्यांनी शेअरिंगसाठी वेगळं खातं काढायला घेतलं, जो खरं तर योग्य उपाय होता, आणि त्या गडबडीत त्यांची पाठ वळली. सूनबाईने ओढणीआड टँकर लपवून आणला, फाईल घेतली, थ्री-बी भरून टाकला, कुकर लावला. रात्री साडेदहाला काका माजघरातून ओरडले, “बघ आता!” तिने लॅपटॉप उघडून पाहिलं आणि म्हणाली, “आलं बाबा, आलं!” तिच्या आवाजात टेलच्या शेतकऱ्याचा आनंद हुबेहूब होता. सुना अशाच निवडाव्यात.

एक्सपीचा म्हातारा मात्र अजून टेललाच आहे. त्याला एसएमबीची, म्हणजे विंडोजच्या फाईल देण्याघेण्याच्या भाषेची, पहिली, जुनी तऱ्हा तेवढी येते. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या किड्याने तीच वाट धरून जगभर, ब्रिटनच्या सरकारी इस्पितळांपर्यंत, धुमाकूळ घातला, आणि त्याच वर्षाअखेरच्या विंडोज १० पासून मायक्रोसॉफ्टने नव्याने टाकलेल्या कॉम्प्युटरांत ती वाट बंदच ठेवली. ती उघडता येते, पण काका उघडत नाहीत. फुटक्या कालव्यात पाणी सोडायचं नाही, हा त्यांचा जुना नियम. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने घरातल्या शेअरिंगची ‘होमग्रुप’ ही सोयही काढून टाकली, तिचं काका अजून सुतक पाळतात.

जावयाचं प्रकरण वेगळं. तो आला की काका त्याला ‘गेस्ट’ वाय-फायचा पासवर्ड देतात. त्यावरून इंटरनेट मिळतं, घरातला एकही कॉम्प्युटर दिसत नाही. मुलीने एकदा कुरकुर केली तर म्हणाले, “जावयाला एवढं पुरे.” यात दूरदृष्टी होती, हे नंतर कळलं. विजयाच्या त्या रात्री काकांनी एका फोल्डरऐवजी अख्खं ‘डॉक्युमेंट्स’ सर्वांना खुलं केलं होतं, आणि सकाळी मुलाने चहा पिता पिता ‘मृत्युपत्र अंतिम ३’ वाचून काढलं. दुपारपर्यंत नेटवर्क पुन्हा ‘पब्लिक’ झालेलं होतं. काकू म्हणाल्या, “अंतिम ४ मध्ये माझ्या पाटल्या नीट लिहा.”

परवा काका आमच्याकडे आले. चहा झाला, नजर भिंतीवरून फिरली, राऊटरवर थांबली. “तुमचं शेअरिंग कसं चाललंय?” मी म्हटलं, काका, आमच्याकडे कॉम्प्युटर एकच आहे. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले, कोरडवाहू माणसाकडे बघावं तसे. मग बशी खाली ठेवली.

“वरचा एक्सपी नेऊन टाका तुमच्याकडं,” ते म्हणाले. “वायर मी ओढतो.”