बिनप्लास्टरचं फ्रॅक्चर

हाड मोडायचंच असेल तर माणसानं हाताचं नाहीतर पायाचं मोडावं. पांढरंशुभ्र प्लास्टर बसतं, भाचरं त्यावर स्केचपेननं नावं लिहितात, बसमध्ये लोक उठून जागा देतात आणि ‘काय झालं?’ असं कुणी विचारायच्या आत उत्तर समोर दिसत असतं. कॉलरबोन मोडण्यात यातलं काहीही नाही. गळा आणि खांदा यांच्या मधलं हे हाड. त्याला प्लास्टर घालायचं तर मानेपासून कमरेपर्यंत माणूसच चिणावा लागेल. म्हणून निळ्या कापडाची एक झोळी देतात. ती गळ्यात अडकवायची, तिच्यात आपलाच हात ठेवायचा आणि घरी यायचं.

‘एवढंच?’ शेजारच्या काकू दारातच म्हणाल्या. त्या शहाळं घेऊन आल्या होत्या, आणि झोळी बघून शहाळं जरा जास्तच झालं असं त्यांना वाटलेलं चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं.

‘फ्रॅक्चर आहे, काकू.’

‘मग प्लास्टर कुठंय?’

‘याला घालत नाहीत.’

‘हां, म्हणजे मुका मार.’

मुका मार हे निदान संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या तिन्ही विंगांत पोचलं. डॉक्टरांचं निदान माझ्या फाइलमध्येच राहिलं.

पडण्याची हकीकतही अशी फुसकी की सांगताना मलाच कंटाळा यायचा. नाशकात आता सायकल चालवणाऱ्यांना तोटा नाही. 2015 साली इथल्याच डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांचा संघ करून ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पार केली, जवळपास 4,800 किलोमीटर, या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत. त्यानंतर गावातल्या निम्म्या चाळिशीला पाय शिवशिवायला लागले. माझी झेप गिरणाऱ्यापर्यंत. जायचं, टपरीवर चहा प्यायचा, यायचं. त्या दिवशी परतताना एका वळणावर डंपरमधून सांडलेली बारीक खडी पसरली होती. पुढचं चाक तिच्यावर गेलं आणि मी उजव्या खांद्यावर आले. ना कुत्रं आडवं आलं, ना ट्रकनं कट मारला. ऐकणारे पुढचं काहीतरी येईल म्हणून थांबायचे, आणि पुढे काहीच नसायचं.

टोमॅटोचे क्रेट भरून निघालेला एक छोटा हत्ती थांबला. ड्रायव्हर उतरला, मला रस्त्याच्या कडेला बसवलं, पाणी दिलं. मग सायकल एका बोटावर उचलून बघितली आणि त्याचे डोळे विस्फारले.

‘ताई, केवढ्याची ही?’

मी खांदा धरून कण्हत होते, पण किंमत घरी सांगितलेलीच सांगितली. मेंदूला मार लागलेला नाही याची इतकी पक्की खात्री कुठल्या स्कॅननं दिली नसती. सायकल क्रेटांवर आडवी झाली, मी केबिनमध्ये बसले, आणि गंगापूर रोडवर गतिरोधक किती आहेत हे एकेक करून माझ्या हाडानं मोजलं.

‘मिडशाफ्ट आहे,’ डॉक्टर एक्स-रे उजेडाकडे धरून म्हणाले. ‘सायकलवाल्यांचं नेहमीचं हाड. थोडं सरकलंय, पण जुळेल. ऑपरेशनची गरज नाही. सहा आठवडे झोळी.’ माणूस खांद्यावर आदळला की सगळा दणका याच काडीतून छातीकडे जातो, आणि ती बहुतेक वेळा मधोमधच मोडते. एवढ्याशा हाडाची जन्मकथा मात्र भारदस्त आहे. आईच्या पोटात सगळ्यात आधी हाड व्हायला घेतं ते हेच, आणि पुरतं पक्कं व्हायला सगळ्यात उशीर लावतं तेही हेच, पार पंचविशीच्या आसपास. कारभार सगळा सरकारी बांधकामाचा. हे मी काकूंनाही सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, ‘आमच्या जाऊबाईंचं खुब्याचं मोडलं होतं,’ आणि विषय संपला. खुब्यापुढे कॉलरबोनचं काय चालणार?

आता गंमत अशी की जे मोडलं होतं ते हलवलं नाही तर फारसं दुखत नव्हतं. दुखत होतं ते खरचटलेलं. उजव्या कमरेपासून मांडीपर्यंत वीतभर कातडी डांबरानं सोलून घेतली होती. हॉस्पिटलात सिस्टरनं सलाईनच्या धारेखाली गॉजनं घासून त्यातली खडी काढली. ‘रेती आत राहिली तर कातडीत कायमची गोंदल्यासारखी दिसते हं,’ असं ती प्रेमानं सांगत होती आणि मी टेबलाची कड धरून ‘दिसू दे, राहू दे’ म्हणत होते. मग धनुर्वाताचं इंजेक्शन. त्यानंतरच्या रात्री उताणं, अर्धवट बसून, चार उशांच्या कोंदणात. उजवीकडे वळावं तर जखम, डावीकडे वळावं तर खांदा गळून पुढे यायचा. सकाळी चादर आणि मी एकमेकींना चिकटलेल्या असायचो आणि नवरा कोमट पाण्याचा तांब्या घेऊन आमची फारकत करायचा.

पण ही जखम दाखवणार कुणाला? भेटायला आलेल्या मंडळींसमोर झोळी होती, जी कुणाला पटत नव्हती, आणि जे बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं असतं ते गाऊनच्या आत होतं. अशा वेळी कामी आलं हेल्मेट. ते आतून तडकलं होतं. हेल्मेटचा थर्मोकोलसारखा फेस एकदाच दणका घेतो, चेपतो आणि संपतो. म्हणून पडल्यावर ते टाकून द्यायचं असतं. माझ्या नवऱ्यानं ते टीपॉयवर मांडलं. पाहुणे ते हातात घेत, चिरेत नख घालून बघत, ‘अरे बापरे!’ म्हणत आणि मग पहिल्यांदा माझ्याकडे आदरानं बघत. पुढेपुढे तर मला आत झोपून राहता येऊ लागलं. बाहेर हेल्मेट भेटत होतं.

सासूबाईंनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला आणि हाडासाठी जे जे म्हणून आहे ते एकदमच सुरू केलं. नाचणीची आंबील, खारकेचं दूध, भर पावसाळ्यात डिंकाचे लाडू. कुणीतरी हाडसांधीचा वेल आणून दिला, तो कुंडीत इतका फोफावला की मोडलेलं काहीतरी तोच शोधत असावा. ऑफिसातल्या मैत्रिणीनं स्टीलच्या डब्यातून पायाचं सूप पाठवलं. घरात कांदासुद्धा चातुर्मासात वर्ज्य. सासूबाईंनी झाकण उघडलं, वास घेतला, झाकण लावलं आणि म्हणाल्या, ‘औषध म्हणून घे. पण भांडं तूच घास.’ डाव्या हातानं डबा घासणं हा व्यायाम फिजिओथेरपीच्या यादीत नाही, असायला हरकत नाही.

खरी फजिती बँकेत झाली. मी त्याच बँकेत अधिकारी आहे. माझ्या नोकरीत मी सही जुळत नाही म्हणून परत पाठवलेल्या चेकांची चळत लावली तर ती माझ्या टेबलाहून उंच होईल. झोळीत हात ठेवून बोटं आणि मनगट चालतं, पण कोपर उचलत नाही. त्यामुळे टेबलाच्या कडेला अंग घासून केलेली माझी सही एरवी जी उजवीकडे उड्डाण करते ती खाली कोसळत गेली. काउंटरवरच्या नव्या मुलीनं माझा चेक स्क्रीनवरच्या नमुन्याशी ताडून पाहिला.

‘मॅडम, डिफर होतेय.’

‘अगं, मीच आहे. फ्रॅक्चर आहे मला.’

तिनं काचेपलीकडून झोळीकडे पाहिलं. तिच्या नजरेत काकू दिसल्या. ‘नाही मॅडम, हाताला प्लास्टर असतं तर कळलं असतं...’ मग अत्यंत नम्रपणे तिनं मला नियम सांगितला. तो गेल्या वर्षी मीच तिला शिकवला होता. खातेदाराला सही करता येत नसेल तर अंगठा घ्यावा, हाताचा जमत नसेल तर पायाचा, आणि दोन साक्षीदार, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. त्या दिवशी शाखेत जबाबदार अधिकारी एकच हजर होती, आणि ती काउंटरच्या चुकीच्या बाजूला उभी होती.

घरी हे सांगितल्यावर लेकानं माझं धैर्य वाढावं म्हणून मोबाइलवर एक फोटो काढून दाखवला. फिओरेंझो मान्यी, इटलीचा सायकलपटू. 1956 ची ‘जिरो द इतालिया’, वय 35. शर्यतीच्या मध्येच पडून डाव्या बाजूची कॉलरबोन मोडली. डॉक्टर प्लास्टर घालू म्हणाले. (प्लास्टर! मिळत असताना!) त्यानं नको म्हटलं, नुसती पट्टी बांधली आणि पुढे निघाला. चढावर हँडल ओढायला डाव्या हातात जोर नाही, म्हणून मेकॅनिकनं ट्यूबचा तुकडा कापून हँडलला बांधला. त्याचं दुसरं टोक दातांत धरून हा माणूस बोलोन्याची टेकडी चढला. पुढे पुन्हा पडला, दंडाचं हाड मोडलं, अँब्युलन्समध्ये घातलं तर त्यातून उतरला, आणि अख्ख्या शर्यतीत दुसरा आला. फोटोत त्याचा जबडा आवळलेला आहे आणि दातांतून ट्यूब ताणलेली आहे.

सासूबाईंनी चष्मा लावून फोटो नीट पाहिला. ‘दात स्वतःचे होते का त्याचे?’ त्यांना कवळी आहे, त्यामुळे प्रश्न निव्वळ तांत्रिक होता.

झोळी उतरली आणि फिजिओथेरपी सुरू झाली. पुढे वाकायचं आणि हात लोंबता सोडून लंबकासारखा झुलवायचा. मग भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंत चढायची. काल कुठवर पोचलो तिथे पेन्सिलीची खूण. धुण्याभांड्यांच्या मावशी दोन दिवस हे गुपचूप बघत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी सासूबाईंना बाजूला घेऊन विचारलं, ‘वैनी भिंतीवर काय शोधत्यात?’ लायटीच्या बटणापर्यंत बोटं पोचली त्या सकाळी मी ते बटण उगाचच पाच-सहा वेळा चालू-बंद केलं.

शेवटच्या तपासणीला डॉक्टरांनी एक्स-रे वर धरला, ‘मस्त’ म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. मला राग यायचा, पण हिपॉक्रॅटिसनं यांना आधीच माफ करून ठेवलंय. सांध्यांवरच्या ग्रंथात तो सांगतो, कॉलरबोन मोडलेला माणूस आधी घाबरून जातो, वैद्यही मोठी धावपळ करतात. मग दुखणं कमी होतं, चालता येतं, जेवता येतं, म्हणून रोगी बेफिकीर होतो. हाड काही सुबक बसत नाही हे बघून वैद्यही काढता पाय घेतात, आणि तेवढ्या अवधीत हाड आपलं आपण जुळतं. म्हणजे या हाडाला कुणी गांभीर्यानं घेत नाही, ही तक्रार चोवीसशे वर्षं जुनी आहे.

जुळलं, पण एकावर एक चढून. मध्ये सुपारीएवढा उंचवटा आलाय आणि खांदा किंचित आखूड झालाय. एक्स-रेत हे दिसतं. घरात विचारलं तर सगळे म्हणाले, ‘छे, काही कळत नाही.’ दिवाळीच्या ब्लाउजसाठी मी नेहमीच्या टेलरकडे गेले. त्यांनी टेप लावली, थांबले. पुन्हा डावीकडून लावली, पुन्हा उजवीकडून. मग कानावरची पेन्सिल काढून वहीत दोन आकडे लिहिले.

‘उजवा खांदा कमी भरतोय, ताई. पाव इंच.’

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. एक्स-रे नाही, हेल्मेट नाही, नुसत्या टेपवर माणसानं ओळखलं! मी मोठ्या उत्साहानं गिरणाऱ्यापासून सुरुवात केली. डंपर आला, खडी आली, हाड मोडलं. ते मान डोलवत गळ्याचं माप घेत होते.

‘काळजी करू नका,’ ते म्हणाले, ‘आतून छोटं पॅड देतो. कुणाला कळणारसुद्धा नाही.’

‘पॅड नको,’ मी म्हटलं. ‘आणि उजवीकडून गळा जरा मोठा ठेवा.’