पाव टन ट्रेलर: जीर्णोद्धार आणि हलका वापर

मोटारीमागे जोडून ओढण्यासाठी असलेल्या वाहनास ट्रेलर म्हणतात. मोटार वाहन कायदा, 1988 याच्या कलम 2 मधील व्याख्याही साधारण एवढीच आहे. साइडकार आणि सेमी-ट्रेलर तेवढे तिने वगळले आहेत. लखनऊ छावणीत या व्याख्येला थोडी पुरवणी जोडावी लागते. येथे ट्रेलर म्हणजे बंगल्याच्या मागच्या अंगणात, ओढदांडा मातीत रुतवून बसलेला, कोणे एके काळी हिरवा असलेला लोखंडी डबा. त्यात फुटक्या कुंड्या, विटा, एक मोडका कूलर आणि गेल्या पावसाचे पाणी असते. तो 'एकदा नीट करून घ्यायचा' हे घरात फार पूर्वीच ठरलेले असते.

अशा डब्यांना या छावणीत आश्रय मिळणे स्वाभाविक आहे. लष्कराच्या मध्य विभागाचे मुख्यालय 1963 पासून येथे आहे, आर्मी मेडिकल कोअर आणि 11 गोरखा रायफल्स यांची केंद्रेही येथेच. त्यामुळे आसपास निवृत्त अधिकाऱ्यांचा तुटवडा नाही, आणि दुरुस्त होण्यासारखी वस्तू भंगारात गेलेली निवृत्त अधिकाऱ्याला पाहवत नाही. त्याच्या पत्नीला ती पाहवते; पण तिचे मत सहसा ट्रेलर घरी आल्यावर विचारले जाते.

या जातीचा मूळपुरुष म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील जीपचा पाव टन ट्रेलर. अमेरिकेत बँटम आणि विलीज या कंपन्यांनी तो हजारोंनी काढला. डबा सुमारे सहा फूट लांब, तीन फुटांहून किंचित रुंद आणि दीड फूट खोल. रिकामे वजन अडीचशे किलोच्या घरात. नेमून दिलेला भार 500 पौंड, म्हणजे सव्वादोनशे किलो. नदी ओलांडताना तो तरंगावा म्हणून डबा जलरोधक केलेला होता. जे भांडे पाणी आत येऊ देत नाही ते बाहेरही जाऊ देत नाही, म्हणून तळाला निचऱ्याची बुचे दिलेली असत. पुढे 1949 साली महिंद्राने मुंबईत जीप जोडायला सुरुवात केली, 1969 पासून जबलपूरला जोंगा ही लष्करी गाडी तयार होऊ लागली, आणि देशी ट्रेलरही बरेचसे याच वळणावर गेले. तरंगण्याचा गुण मागे पडला. पाणी साठवण्याचा टिकला.

ट्रेलर मिळवण्याचे मार्ग दोन: वारसा आणि लिलाव. सरकारी निकामी माल एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावात निघतो आणि 'जसा आहे, जेथे आहे' या अटीवर विकला जातो. या अटीतील दोन्ही अर्धे गांभीर्याने घ्यावेत. विक्री लॉटने होते. लॉट फोडून मिळत नाही. एक ट्रेलर हवा असणाऱ्याने बाकीच्या वस्तूंसाठीही अंगणात जागा आणि घरात स्पष्टीकरण तयार ठेवावे. लिलावाचा प्रत्येक कागद जपून ठेवावा, कारण लष्करातून आलेल्या वाहनाची मुलकी नोंदणी त्याच्यावाचून अडते.

पुढची पायरी परीक्षेची. डबा रिकामा करून, धुऊन, हातोडीच्या दांड्याने सर्वांगाला ठोकून पाहावे. निरोगी पत्रा टणत्कार करतो, आतून खाल्लेला थप्प बोलतो. तळाचे कोपरे, चाकावरच्या मडगार्डांचे जोड आणि चेसिसवर डबा बसतो त्या आडव्या पट्ट्या या ठिकाणी विशेष ठोकावे. दांडा आरपार गेला तर निदान पूर्ण झाले असे समजावे. सडलेला पत्रा चांगल्या पत्र्यापर्यंत कापून नवा तुकडा वेल्ड करणे हा उपाय. पुटी भरून वर रंग मारणे हा अपाय, आणि तोच जास्त चालतो.

सर्वांत जास्त लक्ष चाकाच्या बेअरिंगला द्यावे, कारण तेच कोणाला दिसत नाही. ट्रेलर उचलून भक्कम टेकूवर घ्यावा आणि चाक हाताने फिरवावे. खरखर ऐकू आली, किंवा चाक वर-खाली धरून हलवताना जास्त खेळले, तर हब उघडावा. आतले ग्रीस बहुधा साबणाच्या वडीसारखे झालेले असते. ते रॉकेल वा डिझेलने पूर्ण धुवावे, बेअरिंग कोरडे करावे, मग तळहातावर नवे ग्रीस घेऊन बेअरिंगची कड त्यात दाबत राहावी, इतकी की रोलरांच्या फटींतून दुसऱ्या बाजूने ग्रीसच्या अळ्या बाहेर याव्यात. नट आवळून हब फिरवावा, नट पुन्हा किंचित सैल करावा आणि स्प्लिट पिन नवी घालावी. जुनी पिन सरळ करून घालण्याचा मोह पाच-दहा रुपयांचा असतो. तिच्या भरवशावर आख्खे चाक असते.

कमानीचे पाटे वेगळे करून प्रत्येकाचा गंज खरवडावा, यू-बोल्ट बदलावेत. टायर 6.00-16 या मापाचा. ट्रान्सपोर्टनगरात हे माप सांगितल्यावर दुकानदार ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचा तीन धारांचा टायर दाखवण्याची शक्यता आहे, कारण मापाने तो तंतोतंत बसतो. पण तो शेतात वळण्यासाठी केलेला असतो, डांबरी रस्त्यावर मोटारीच्या वेगाने पळण्यासाठी नव्हे. नम्रपणे नकार द्यावा.

लष्करी ट्रेलरच्या टोकाला कडी असते आणि लष्करी गाडीच्या मागे तिला पकडणारा हूक. घरच्या मोटारीमागे बहुधा 50 मिलिमीटरचा गोळा बसवतात. कडी आणि गोळा यांची सोयरीक दोरीने किंवा तारेने लावू नये. दोहोंपैकी एक बदलावे. दोन साखळ्या ओढदांड्याखालून एकमेकींना ओलांडून बांधाव्यात, म्हणजे जोड निसटला तरी दांडा रस्त्यात न घुसता साखळ्यांच्या फुलीवर पडतो. दिव्यांबाबत एवढेच की महायुद्धातली जीप 6 व्होल्टची, घरची मोटार 12 व्होल्टची. जुना बल्ब नव्या गाडीला जोडल्यास तो एकदाच, पण फार सुंदर पेटतो.

आता रंग. जीर्णोद्धार करणाऱ्याच्या मनात मूळचा ऑलिव्ह हिरवा रंगच असतो आणि तोच त्याला मिळत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 यातील नियम 121 प्रमाणे संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज कोणत्याही वाहनास हा रंग देता येत नाही. म्हणजे ज्या ट्रेलरने उमर हिरव्यात काढली, त्याला निवृत्तीनंतर करडा, निळा किंवा घरात बहुमताने ठरेल तो रंग घ्यावा लागतो. लावण्याचा मुहूर्तही नीट पाहावा. मे महिन्यात लू धूळ घेऊन येते आणि रंग पसरण्याआधीच सुकतो. पावसाळ्यात तो सुकतच नाही. डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात त्यावर दुधट झाक येते. ऑक्टोबर उत्तम, परंतु त्या सुमारास मिस्त्री दसरा-दिवाळीच्या कामात असतो. उरला फेब्रुवारी. त्यानंतर होळी येते आणि रंगाचा निर्णय मुलांकडे जातो.

कागदपत्रांचे प्रकरण थोडक्यात. ट्रेलरला स्वतःची नोंदणी लागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणी-पुस्तकातील तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही, म्हणून आधी डबा वाढवून मग विचारायला जाऊ नये. ट्रेलरसाठी शेड बांधण्याचा विचार असल्यास हेही ध्यानात घ्यावे की छावणीतील कित्येक जुने बंगले 1836 च्या लष्करी हुकुमाखालच्या 'ओल्ड ग्रँट' पद्धतीचे आहेत: जमीन सरकारची, वरचे बांधकाम तेवढे ताबेदाराचे. नव्या बांधकामाला छावणी परिषदेची परवानगी लागते. अनुभवी मंडळी ताडपत्री घेतात.

यानंतर सुधारणा येतात, आणि येथे बहुतेक जीर्णोद्धार बुडतात. हिशेब असा. भार सव्वादोनशे किलो. तळाला 18 मिलिमीटरचे प्लायवूड घातले, 20 किलो गेले. दोन मिलिमीटर पत्र्याचे झाकण आणि त्याला लाटूश रोडवरून आणलेल्या लोखंडी अँगलची चौकट, मिळून 45. झाकण आहेच तर त्यावर कॅरिअर, 30. जादा चाक 28. पाण्याचा भरलेला कॅन 25. उरले 77 किलो, म्हणजे मध्यम बांध्याचे एक गृहस्थ. आणि ट्रेलरमध्ये माणूस बसवायचा नसतोच. त्यातच अवजारांची पेटी ठेवायची राहिलेली असते. सबब प्रत्येक सुधारणेपूर्वी ट्रेलर कशासाठी घेतला होता हे कागदावर लिहून भिंतीला लावावे, आणि सुधारणा भिंतीकडे पाठ करून करू नये.

हलक्या वापराची आदर्श उदाहरणे मोजकी आहेत. जूनमध्ये मलिहाबादहून दशहरी आंबा आणणे हे पहिले. मूळ अवस्थेतला ट्रेलर वीस किलोच्या अकरा पेट्या सहज घेतो, सुधारलेला तीन. कैसरबागेत भातखंड्यांनी 1926 साली उभ्या केलेल्या संगीत विद्यालयाच्या परिसरात तंबोरे पोहोचवणे हे दुसरे, मात्र कमानी कडक असतील तर तंबोरे मोटारीत घ्यावेत आणि वादकांचे सामान ट्रेलरमध्ये. बदलीच्या काळ्या लाकडी पेट्या, ज्यांवर पांढऱ्या अक्षरांत नाव आणि युनिट रंगवलेले असते, त्या हलक्या वापरात मोडत नाहीत. त्या घरात कितीही वर्षे रिकाम्या पडलेल्या दिसोत, उचलताना भरलेल्याच निघतात. भार भरताना तो धुऱ्याच्या किंचित पुढे ठेवावा. मागे ठेवल्यास ट्रेलर वेग घेताच शेपूट हलवू लागतो.

ट्रेलर मागे घेणे हे स्वतंत्र शास्त्र आहे. तो डावीकडे वळवायचा तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवावे लागते, आणि ट्रेलर जितका आखूड तितका तो लवकर काटकोनात जातो. पाव टनाचा ट्रेलर फारच आखूड. त्यावेळी मागे एकच माणूस उभा असावा. 'आने दो, आने दो' म्हणणारे दोघे असले तर फाटकाचा खांब तिसरा होतो.

वापर नसताना धुऱ्याला टेकू देऊन चाके अधांतरी ठेवावीत, नाहीतर टायर एकाच जागी चपटे होतात. निचऱ्याची बुचे काढून, त्यांना दोरा ओवून ती दांड्यालाच बांधावीत. खिशात ठेवलेली बुचे धोब्याकडे जातात.

राहिला उसना देण्याचा प्रश्न. रंगवलेला ट्रेलर फाटकातून दिसू लागताच शेजारी एखादे कपाट, एखादा पलंग किंवा मुलीचे वसतिगृहातील सामान आठवते. ट्रेलर देताना मोटारही द्यावी लागते, कारण गोळा तिच्याच मागे बसवलेला असतो. आणि मोटारीबरोबर मालकालाही जावे लागते, कारण ती जोडी मागे घेणे आजूबाजूला दुसऱ्या कोणाला जमत नाही.