दुधाच्या दातांची सबब

ॲन आर्बरच्या विद्यापीठात कायद्याचे अध्ययन करणाऱ्या जेन मिक्सर हिच्या १९६९ मधील खुनाचा मुद्देमाल तीन दशकांनंतर लॅन्सिंगच्या पोलिसी प्रयोगशाळेत तपासला गेला, तेव्हा तिच्या मोज्यांवर गॅरी लायटरमनचा, आणि हातावरील रक्तबिंदूत खुनाच्या वेळी अवघ्या चार वर्षांच्या असलेल्या एका बालकाचा डीएनए सापडला. दोघांचेही नमुने त्याच सुमारास त्याच प्रयोगशाळेत हाताळले गेले होते, ही बचावपक्षाची क्षुल्लक तक्रार बाजूस सारून ज्यूरीने २००५ मध्ये लायटरमनला दोषी ठरवले आणि त्याला जन्मठेप झाली. मात्र त्या बाळावर फिर्याद गुदरण्याचे धैर्य सरकारपक्षास का झाले नाही, हे अनाकलनीय आहे. शास्त्राचा शब्द अखेरचा मानावयाचा, तर दुधाच्या दातांची सबब ऐकून घेण्याचे काहीच प्रयोजन नव्हते.