खांबमुक्त हॉल

मुंबई उपनगरात भाड्याने द्यायच्या जागेचे नूतनीकरण सुरक्षेची पुरेपूर काळजी घेऊनच होते. आधी नारळ फुटतो, मग दाराला लिंबू-मिरची लागते. फोडकाम करणारा मजूर रबरी चपला घालतो आणि तोंडाला गमछा गुंडाळतो. हेल्मेट असते कंत्राटदाराकडे, कारण तो मोटारसायकलवरून येतो.

हॉलच्या मधोमध असलेला खांब हा भाडेवाढीतला मुख्य अडथळा. तो काढला की टीव्ही सगळीकडून दिसतो. वरचे मजले कशावर उभे राहतील, हा प्रश्न वरच्या मजल्यांचा. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ चे कलम ३४२ अशा बदलांआधी आयुक्तांना सूचना द्यायला सांगते. म्हणून आयुक्तांना त्रास नको, या सद्भावनेने काम शनिवार-रविवारी उरकतात.

घाटकोपरच्या दामोदर पार्कमधील चार मजली साईदर्शन इमारत २५ जुलै २०१७ रोजी कोसळली. १७ माणसे गेली. तळमजल्यावर नूतनीकरण चालू होते. त्यात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला.

इमारतीच्या मजबुतीची खरी चिंता ११ महिन्यांच्या करारात दिसते. भाडेकरूने भिंतीत खिळा ठोकला, तर डिपॉझिटमधून पैसे कापले जातात. मालकाने खांब काढला, तर भाडे वाढते. आणि पोलीस ठाण्यात माहिती जाते ती भाडेकरूची.